तालूतची फौज

माहूज, मनामा
५ एप्रिल १९९१

प्रिय अब्बांना मुनीराचा सलाम.

साद आणि मी, आम्ही दोघं खुशाल आहोत. रोजे सुखरूप चाललेत. आखातातली लढाई थांबून महिना झाला, तरी तेलविहिरींचा धूर कधीकधी इकडे येतो आणि वाळत घातलेले कपडे काळे पडतात. अम्माचा खोकला कसा आहे? तिच्यासाठी बाम घेऊन ठेवलाय.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. ‘हुसेनचाचांची माफी माग आणि मुलांपुढे आपला शब्द परत घे,’ असं तुम्ही लिहिलंय. ते मी चार वेळा वाचलं. चाचांनी तुम्हांला काय कळवलं ते ठाऊक नाही, म्हणून घडलं ते सांगते.

चाचांच्या हूरा भागातल्या घरी मी दर शुक्रवारी आपल्या कोकणी मुलांना दीनचं, धर्माचं शिकवते. मार्चमध्ये तालूत-जालूतचा किस्सा घेतला. तुम्ही ओटीवर सांगायचात तसाच सांगितला. बनी इस्राईलचा राजा तालूत. नदीवर फौजेची परीक्षा झाली, ओंजळीपेक्षा जास्त पाणी प्यायले ते गळाले. मूठभर उरले, आणि अल्लाहच्या हुकमानं तेच जिंकले. कोवळ्या दाऊदनं शत्रूच्या धिप्पाड जालूतला मारलं.

तेवढ्यात लाईबानं, चाचांच्या नातीनं, विचारलं, “टीचर, धिस टाइम अल्लाह वॉज ऑन हूज साइड?”

मी म्हटलं, “तालूतचं अल्लाहनं स्वतः सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं. या लढाईचं त्यानं काही सांगितलेलं नाही. जो सांगतो तो अंदाज करतो.”

त्याच आठवड्यात चाचांनी अल्लाहनं फतह दिली म्हणून मोठी दावत केली होती. नात घरी माझं अंदाजाचं वाक्य बोलली. चाचा संतापले. “ज्या मुलखाचं मीठ खातो, त्याच्या फतहला अंदाज म्हणतेस?”

सादला सलमाबादच्या गॅरेजात त्यांनीच लावलं. व्हिसा वाढवायचा की नाही, ते मालक त्यांनाच विचारतो. हे तुम्हांला माहीत आहे, म्हणूनच माफी माग म्हणता.

मी घाबरट आहे, अब्बा. वजू झाला की नाही या शंकेनं तीनतीनदा हात धुणारी. आठवडाभर वाटत होतं, मीच चुकले असेन. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सोडेना. ‘जिंकतो त्याच्या बाजूनं अल्लाह असतो, हे तुला लहानपणीच शिकवलं होतं.’

हो, शिकवलं होतंत. कधी, ते आठवतं का?

रशीदाफुफीनं मुलीला नर्सिंगला पाठवलं, आणि तुम्ही सख्ख्या बहिणीला जमातीबाहेर काढायला उभे राहिलात. आपल्या बाजूनं नऊ घरं, तिच्या बाजूनं वीस. तरी बैठकीत एकेक घर वळवून तुम्ही जिंकलात. त्या संध्याकाळी मला ओटीवर बसवून तालूतचा किस्सा सांगितलात. तालूत म्हणजे तुम्ही, हे मला न सांगता कळलं.

पुढे शब-ए-बरातला फुफीनं हलव्याची ताटली पाठवली. तुम्ही म्हणालात, परत देऊन ये. मी दिली. पण तिच्या दारात “तुमच्या घरचं आम्हांला हराम आहे” असंही बोलले. ते तुम्ही सांगितलं नव्हतं, अब्बा, ते मी मनचं जोडलं. मी अकरा वर्षांची होते आणि मला वाटलं, अल्लाह आपल्या बाजूनं आहे.

फुफी एवढंच म्हणाली, “जपून, पोरी, ताटली गरम आहे.”

आज दुपारी चाचा वर्गाच्या दारात उभे राहिले. “यल्ला, सांग पोरांना.”

मी मुलांना सांगितलं, “तालूतच्या माणसांनी लढायच्या आधी अल्लाहकडे सब्र मागितला. आपण मात्र जिंकून झाल्यावर त्याला आपल्या बाजूला उभा करतो.”

“खलास,” चाचा म्हणाले. “पुढच्या शुक्रवारी येऊ नकोस.”

घरी सादला सांगितलं. त्यानं पासपोर्ट काढून व्हिसाची तारीख पाहिली. मग म्हणाला, “बायकोनं तालूतच्या फौजेत भरती केलं, मला विचारलंही नाही.” हसला, पण इफ्तारला जेवला कमी.

व्हिसा मेअखेर संपतो. वाढला नाही तर आम्ही गावी येऊ आणि सामानासकट आधी रशीदाफुफीच्या दारात उतरू. ती घरात घेईल की नाही, माहीत नाही. नाही घेतलं तरी मी तिथेच बसेन. जमातीनं मलाही वाळीत टाकायचं असेल, तर बैठक बोलवायला वेळ मिळावा म्हणून आजच कळवते.

अम्माला सलाम.

तुमच्याच ओटीवर शिकलेली,
मुनीरा