गालातले खिळे

मंगळवार, ता. ९

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे दुकान बरं चाललंय. दवाखान्यातल्या बाकांचं काम संपवलं, हिरवं रेक्झिन शोभून दिसतं. तुझ्या बायकोची पाठ कशी आहे?

फोनवर मुद्द्याचं बोलायला लागले की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं. म्हणून लिहून दुकानातल्या पोराच्या हाती पाठवते.

ताईची दाढ काढायची आहे, असं तू नातेवाइकांत सांगत सुटलायस म्हणे. माझ्या दाढा ठणठणीत आहेत. जिभेच्या कडेला कॅन्सर आहे. काल मावशीचा फोन आला, तिला मी सरळ सांगून टाकलं. ती कुजबुजली, "अगं, बाईमाणूस तू, तंबाखू खातेस हे कशाला सांगत सुटतेस?" मी म्हटलं, "बाबांची तंबाखूची डबी आम्हा दोघा भावंडांच्याही हाती लागली होती. त्याने खाल्ली तर दमतो बिचारा, आणि मी खाल्ली तर घराण्याची अब्रू गेली?" तिने फोन ठेवला. ठेवू दे.

आधी मलाही वाटलं, खिळाच लागला. तुझ्यामाझ्यासारख्या सोफे ठोकणाऱ्यांचं तोंड म्हणजे खिळ्यांची डबी. जिभेने एकेक पुढे सारायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा. डावीकडे झोंबायला लागलं तशी मी खिळे उजव्या गालात घेतले आणि महिनोन् महिने ठोकत राहिले. तपासणारी डॉक्टरीण तुझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काकू, खिळ्याची जखम दोन आठवड्यांत भरून यायला हवी. नाही भरली तेव्हाच दाखवायला हवी होती."

मग तिने विचारलं. वय? पन्नाशी उलटली. तंबाखू? रोज. दारू? नाही. म्हणाली, हा आजार पुरुषांत जास्त दिसतो, आणि तंबाखूच्या जोडीला दारू असली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. उत्तरं मी माझी देत होते, पण डोळ्यांसमोर तू होतास. तुझ्याकडे तर यातलं सगळंच आहे! वर गालात तो पांढरा चट्टा. त्यालाही तू खिळाच लागला म्हणतोस.

ऑपरेशन शुक्रवारी आहे. जिभेचा तुकडा काढणार. बोलता येईल, पण आतासारखं नाही. हे कळल्यावर रडले. गिऱ्हाइकाच्या नव्या सोफ्यावर बसून पोटभर रडले आणि मग उठून त्याच्या पाठीची शिवण पुरी केली.

तंबाखू सुटली आहे. जीव कासावीस होतो, पण तिला आता माझ्या घरात थारा नाही. खिळेही वाटीत ठेवते. वेळ लागतो, लागू दे.

गुरुवारी सकाळी ये. फळं नकोत, रडकं तोंड तर मुळीच नको. तेच तोंड डॉक्टरणीपुढे उघडायचं आहे, तुझी वेळ घेऊन ठेवली आहे. आलास तर तुला स्पष्ट उच्चारात मनसोक्त शिव्या देईन. नाही आलास तर बरी होऊन तुझ्या दुकानात येईन आणि बोबड्या जिभेने, भर गिऱ्हाइकांत देईन. चुकणार काही नाहीत.

मला भाऊ हवा आहे रे, धाकट्या.

तुझ्यावर आजवर ओरडत आलेली आणि पुढेही ओरडणारी,
ताई