कचेरीच्या नावाची वारस

मी, खाली सही करणारी, इमारती तपासून सल्ला देणारी इंजिनिअर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या दिरांना तो पटलेला नाही, पण त्यांची सही लागत नाही. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. बाल्कनीला काचा लावू नयेत. लावल्याच तर निदान माझा फोटो तिकडे पाठ करून टांगावा.

२. धाकटे दीर, म्हणजे यजमान गेल्यापासूनचे कचेरीतले माझे भागीदार, यांना माझं पिवळं हेल्मेट. कामं मिळेनाशी झाली तेव्हा भाऊजींनी ते माझ्या डोक्यावर चढवून फोटो काढला आणि चौकात भलामोठा फलक लावला: ‘भक्कम सल्ला, हसतमुख सेवा’. इतकी मी लग्नातही हसले नव्हते. फलक पाहून एकाच माणसाचा फोन आला. हेल्मेट केवढ्याला, असं तो विचारत होता. भाऊजी, तुम्ही फुकट घ्या.

३. ओळंबा, हातोडी, भिंतीतली ओल मोजायचं यंत्र आणि कचेरीचं नाव सूनबाईला. यावर मुलगा रुसेल, म्हणून कारण लिहिते.

त्याच मंदीत एका सिनेमागृहाचे मालक आले. मागची भिंत ओलीने खचतेय, ती पाडून नवी बांधायची, नकाशे तुम्हीच करा, म्हणाले. वर्षभराची ददात मिटणार होती. मुलाने करारनामासुद्धा छापला. सून तेव्हा कचेरीत नवीन. ती शिडी लावून छतावर गेली आणि कोपरापर्यंत चिखलाने बरबटून खाली आली.

“भिंत ठणठणीत आहे,” ती मालकांना म्हणाली. “वरचा पाइप तुंबलाय. तुम्हाला आमची गरज नाही, प्लंबर बोलवा.”

हिला काम येत नाही, असं समजून मालक तणतणत गेले. मुलगा त्या दिवशी जेवला नाही. सुनेला घरी बसवा, असं भाऊजींनी मला बाजूला घेऊन सुचवलं. मी तिला एवढंच विचारलं, “नक्की?”

“आई, हात घालून बघितलंय.”

विषय संपला.

प्लंबरने पाइप मोकळा केला, भिंत वाळली. मग तो जाईल त्या घरी सांगत सुटला, की ही माणसं गरज नसेल तर काम घेत नाहीत. वरमलेल्या मालकांनी आम्हाला न विचारता मध्यंतरात पडद्यावर आमचं नाव झळकवलं. तेवढ्यासाठी भाऊजी एकच टुकार सिनेमा पुन्हा पुन्हा बघून आले. कामं मात्र आली, ती आजतागायत.

४. एक मोठी कंपनी आमचं नाव विकत मागते आहे आणि मुलगा राजी आहे. सुनेच्या संमतीशिवाय ते विकता येणार नाही. बाळा, तुझ्यासारखे नकाशे कुणी काढत नाही. पण गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणताना तुझी जीभ अडखळते. तिची अडखळत नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीत बस.

५. माझ्या निधनाच्या बातमीत भाऊजींनी कचेरीचा फोन नंबर छापू नये. फोटो चालेल. न हसणारा.

ठिकाण: घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: ९ जून

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शेजारच्या दातांच्या डॉक्टर (सही)
साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल (सही)

ता. क. सही करता करता डॉक्टरबाईंनी विचारलं, दवाखान्याच्या छताला चीर गेलीय, कुणाला दाखवू? मी तोंड उघडायच्या आत ग्रंथपालांनी सुनेचा नंबर तोंडपाठ सांगितला.