मधल्या बोटाची शाई

अण्णा, धाकट्याचं मत मीच जाऊन दिलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की अजून कुणाला तरी गाठून सांगावंसं वाटतं. तुम्हाला गाठायची सोय नाही, म्हणून वही घेऊन बसलेय.

टपालानं येणारी तुमची मतपत्रिका आठवते? पलटण कुठेतरी डोंगरात, आणि लिफाफा तुमच्या हाती पडायचा तेव्हा इकडे गुलालसुद्धा धुऊन झालेला असायचा. फौजेतून सुटून तुम्ही ओझरच्या कारखान्यात गेटवर लागलात, आणि त्यानंतर पहिल्यांदा इंदिरानगरच्या शाळेत रांगेत उभे राहिलात. शर्टाला कडक इस्त्री. घरी येऊन सगळ्यांना शाईचं बोट दाखवलंत. मत कुणाला दिलं, असं आईनं सहज विचारलं, तर तिच्यावरच डाफरलात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, हसू दाबून.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी कायदा बदलला. फौजेतल्या माणसाला आपलं मत घरच्या, विश्वासाच्या माणसाकडून देता येऊ लागलं. धाकटा तेव्हा आफ्रिकेत, शांतिसेनेत. त्यानं साहेबांसमोर अर्ज भरला आणि माझं नाव घातलं. त्याची बायको बाळंतपणाला मनमाडला होती म्हणून, असं आई म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग त्याचा फोन आला. आमचं राजकारणात कधीच पटलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा उमेदवार मला डोळ्यांसमोर नको होता. फोनवर आवाज थांबून थांबून येत होता.

"ताई, तुला तो माणूस आवडत नाही, मला माहितीये. तरी माझं मत त्यालाच."

मी बरं म्हणाले. यंत्रावर मी कुठलं बटण दाबते ते दुसरं कुणी बघणार नव्हतं, आणि तो तर समुद्रापलीकडे.

मतदानाच्या दिवशी सकाळीच जाऊन मी आधी माझं मत दिलं आणि लगेच धाकट्याचा कागद पुढे केला. टेबलावरचे मास्तर गोंधळले. एकदा शाई लागली, आता परत कशा, म्हणाले. मागे रांग कुरकुरायला लागली, पण मी हलले नाही. शेवटी केंद्राध्यक्षांनी पुस्तिका उघडून बराच वेळ वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे. यांच्या मधल्या बोटाला लावा."

अण्णा, काय सांगू, दोन बोटांना शाई! पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले, त्याच्या माणसासमोरचं बटण दाबलं आणि यंत्र वाजलं. फौजेतल्या माणसाचं मत वेळेवर पोचलं, आपल्या घरातलं पहिलंच. रस्ताभर मी हात पुढे धरून चालले.

आईनं दोन्ही बोटं पाहिली. "दोघांची मतं एकमेकांवर कापली गेली. घरी बसला असतात तरी तेच झालं असतं," ती म्हणाली. मी तिच्याशी चांगली तासभर भांडले.

धाकट्याला फोनवर सांगितलं, दिलं तुझं मत. ते खरंच आहे. पण त्याच्या बटणाआधी माझं बोट माझ्या माणसाच्या बटणावर गेलं होतं, नुसतं टेकलं नव्हतं, दाबायच्या बेतात होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही असता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.