नाव झाकलेली काच

प्रिय ठमे,

माझं अक्षर बघून हसशील, हस. चौथीत शाळा सुटली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हिची अक्षरं म्हणजे उधळलेल्या शेळ्या. आता हातही कापतो, म्हणजे शेळ्यांच्या मागे कुत्रा लागलाय असं समज.

तुझा फोन आल्यापासून मी शेजारणीचं डोकं खातेय. आमच्या ठमीने लॅबमध्ये एक आजार पकडला, तिच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनाही सापडला नव्हता. ती म्हणाली, कसला? मी म्हटलं, रक्तातल्या पेशी कातडीत येऊन बसतात आणि तिथेच पोरंबाळं वाढवतात. बरोबर सांगितलं ना? ती म्हणाली, भाडेकरूच की. तिच्या वरच्या खोलीतला भाडेकरू हलत नाहीये, तिला सगळीकडे तोच दिसतो.

मला नवल नाही वाटलं. मी लोकांचे कपडे शिवायची तेव्हा तू माझा बटणांचा डबा घेऊन बसायचीस. मूठभर काळ्या बटणांतून एक गडद निळं बाजूला काढायचीस आणि म्हणायचीस, आजी, हे यांच्यातलं नाही. तो डोळा माझ्याकडून गेलाय, तुझ्या आईला काही म्हणू दे.

किती आनंदात सांगत होतीस. दुर्बिणीखालच्या काचेवर पेशंटचं नाव नसतं, नुसता आकडा. कोणी म्हातारी बाई, गुडघ्याखाली जांभळट गाठी. आधी किडा चावला म्हणून मलम दिलं. तपासायला कातडीचा पहिला तुकडा काढला तो वरवरचा, त्यात काही कळलं नाही. दुसरा खोलवरून घेतला. रंग घातल्यावर पेशी तपकिरी झाल्या. साहेब मवाळ जातीचं नाव लिहायला निघाले, तर तू म्हणालीस, थांबा, ही पायावरची, वाईट जात आहे. मी हुं हुं करत होते. एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताने मोजा वर ओढत होते.

मागे तू आलीस तेव्हा विचारलं होतंस, घरात कसले मोजे घालतेस. मी म्हटलं, फरशी गार लागते.

इथला कातडीचा डॉक्टर पोरगेलासा आहे, अर्धे शब्द गिळतो. काल त्याच्याकडून आजाराचं नाव पुन्हा वदवून घेतलं. तुझंच नाव निघालं, म्हणजे तू सांगितलेलं. फोटोत छातीतही दिसतंय म्हणाला. सलाईनमधून औषध देता येतं, पण माझ्या हृदयाला झेपायचं नाही. हे सांगताना तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. तुझा बाप बाहेर बाकावर बसून रडला. तुला इतक्यात सांगू नको असं त्याला बजावलंय, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

म्हणून त्याच्या आधी मी लिहिते. ती म्हातारी मीच गं, माझ्या पायाचा तुकडा इथून तुझ्याच लॅबला आला होता. तू पकडलंस म्हणून मी वाचणार नाही, ते मला कळतं. पण तू चुकली नाहीस, हे आधी मनात पक्कं धर. साहेबांचं ऐकलं असतंस तर मी खोटी आशा धरून बसले असते. वाईट इतकंच वाटतं की त्या दिवशी हसलीस तशी आता हसायची नाहीस. फोन ठेवताना तू म्हणालीस, त्या बाईचं काही खरं नाही आजी, बिचारीला जवळचं कोणी असेल का. आहे गं. लगेच धावत निघू नकोस. आधी पोटभर रड, मग ये. मी मोजे काढून बसते.

तुझीच,
बटणवाली आजी