पाय अजून आला नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. ओट्याला टेकून कृत्रिम पायाच्या कंपनीला पाठवायच्या मेलचा खर्डा केला. पाय ३० जानेवारीला यायचा होता. चार दिवस वर झाले.

खर्डा असा: ‘माननीय महोदय, ९ जानेवारीच्या आमच्या मागणीनुसार (क्रमांक २२७१) गुडघ्याखालील एक कृत्रिम पाय आपण एकवीस दिवसांत पाठवणार होता. तो अद्याप मिळालेला नाही. आपल्या कामाचा व्याप आम्ही समजू शकतो. तरी पाय सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे कळवल्यास उपकृत होईन. तसदीबद्दल क्षमस्व.’

‘उपकृत’ शब्दकोशात पाहून घेतला. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखनात चूक खपवून घेत नाही.

आई चहा गाळता गाळता म्हणाली, “क्षमा तू का मागतोस? उशीर त्यांनी केला ना?”

आतून दादा ओरडला, “अगं, कारकून आहे तो! कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी तोच सॉरी म्हणेल.”

दादा मला कारकूनच म्हणतो. मी शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं वहीत उतरवतो, म्हणून.

दादाचा पाय नोव्हेंबरात गेला. उजवा. खोक्यांच्या कारखान्यात कागदाचं रीळ घसरलं — दीड टनाचं. कारखान्याने त्याची जागा १५ मार्चपर्यंत राखून ठेवली आहे. त्या दिवशी त्याने मशीनपाशी उभं राहून अर्धी पाळी करून दाखवायची. नाहीतर जागा दुसऱ्याला. नवीन पायाची सवय व्हायला चार आठवडे लागतात, असं पुस्तिकेत छापलंय. कॅलेंडरवर मोजलं. १५ फेब्रुवारीपर्यंत पाय आलाच पाहिजे.

नोव्हेंबरपासून मला रडू आलेलं नाही. भूकही लागत नाही, पण जेवतो. मोजत राहतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीचं उत्तर — ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.’ एक ओळ. खाली सही नाही. तरी आभाराचा मेल पाठवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गिऱ्हाइकाशी खटका उडाला. एका जाड्या गृहस्थांचा एक खांदा उतरलेला. मास्तरांनी समोर उभं राहून टेप लावली आणि मला सांगितलं, “डावा अर्धा इंच खाली.” मी लिहिलं. गृहस्थ म्हणाले, “अहो, हा माझा उजवा आहे!”

मास्तर म्हणाले, “तुमचा असेल. आमच्या वहीत हा डावाच. माणूस समोर उभा, कापड टेबलावर समोर पसरलेलं. आमचा हात ज्या बाजूला, ती बाजू. तीस वर्षांत एक कोट उलटा गेला नाही साहेब.”

काजं करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मास्तरांकडे यायचं तर डावं-उजवं दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवायचं.”

सगळे हसले. मीही हसलो असेन. मला आता डावं-उजवं म्हणताना विचारही करावा लागत नाही, हात आपोआप लिहितो. मापाच्या बाबतीत मास्तरांचा माझ्यावर भरवसा आहे. दादाच्या पायाचं मापही मीच घेतलं होतं. कंपनीचा माणूस घरी आला असता तर १,८०० जादा पडले असते. मी म्हटलं, माझा धंदाच तो आहे! दादाला खुर्चीत बसवलं, समोर पाटावर बसलो, दर दोन इंचांवर घेर घेतला, अर्ज भरला, फोटो जोडला. एकही खाडाखोड नाही. अर्जाची झेरॉक्स फायलीत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुकानाच्या जिन्यातून कंपनीला फोन केला. एक बाई बोलल्या. आवाज दमलेला, पण सभ्य.

“क्रमांक? … हां, सापडलं. आपण कोण?”

“मी त्यांचा धाकटा भाऊ. अर्ज मीच भरला होता.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “आत विचारून सांगते हं,” आणि फोन ठेवला. पुन्हा आला नाही.

घरी आलो तर दादा खिडकीपाशी कुबड्यांवर उभा राहून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. मला पाहून त्याने फोन बंद केला.

“कुणाचा रे?”

“स्थळ आलंय. म्हटलं, नवरा मोजून घ्या आधी, थोडा कमी भरेल.”

आई म्हणाली, “मेल्या, काहीतरीच बोलतोस!” आणि हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. तारीख म्हणून नोंदवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाने सायकल विकली. गिअरची, पहिल्या बोनसमधून घेतलेली. मला नुसती धुवायला द्यायचा, चालवायला कधी नाही. समोरच्या इमारतीतल्या वॉचमनने ४,२०० दिले. माझ्या मते सहा तरी यायला हवे होते.

“एवढी घाई काय होती?”

“जागा अडवते. आणि लंगडी घालत सायकल चालवायचं वय राहिलं नाही माझं.”

“पैसे कुठे ठेवलेस?”

“खाल्ले.”

“चार हजार दोनशे?”

“भूक लागली होती रे कारकुना!”

हिशेबात कुठे धरायचे, कळेना. पेन्सिलीने लिहून ठेवले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा फोन. त्याच बाई. मी म्हटलं, “आपल्याला त्रास द्यायचा नाही, ताई. फक्त तारीख कळली असती तर बरं झालं असतं. आमचं १५ मार्चचं बंधन आहे.”

त्या म्हणाल्या, “तुमच्या भावाशी बोलणं झालंय ना तुमचं?”

“कशाबद्दल?”

“नाही, म्हणजे… काम चालू आहे. आमच्याकडे फार गर्दी आहे सध्या. काळजी करू नका.”

फोन ठेवल्यावर मीच त्यांना धन्यवादाचा संदेश पाठवला. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, “इतकं गोड बोलतोस, त्यांना वाटत असेल याला पाय नकोच आहे, नुसती ओळख वाढवायची आहे.”

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाय आला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी दादा म्हणाला, “आण तो मोबाइल. मी सांगतो, तू लिही.” मग त्याने कंपनीच्या मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. चोर, हरामखोर, लोकांच्या पायावर बंगले बांधणारे — आई दार लावायला उठली. मी शब्दशः उतरवून घेतलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम दिले आणि विचारलं, “पाठवू?”

दादा एकदम थंड झाला. “नको. जाऊ दे. खोड ते.”

“पण चूक त्यांची आहे.”

“हो रे, त्यांचीच. पण खोड.”

खोडलं. माझा सभ्य मजकूर पाठवला, तिसरा: ‘यापूर्वीच्या दोन पत्रांकडे आपले नम्रपणे लक्ष वेधतो.’

२६ फेब्रुवारी, बुधवार

आई अजून मोज्यांचे जोडच धुते. आज दोरीवर पाहिलं. एक मळलेला असतो, दुसरा घडीतून काढलेला, स्वच्छ. दोन्हींना साबण लावते. दोन्ही वाळल्यावर एकात एक गुंडाळून ठेवले.

मास्तरांनी विचारलं, “भाऊ कसा आहे?” मी म्हटलं, “ठीक.” त्यांनी विचारलं, “आणि तू?” मी बाही जोडायला घेतली.

४ मार्च, मंगळवार

अर्धी सुट्टी काढून दादाच्या कारखान्यात गेलो. दादाला सांगितलं नाही. गेटच्या आत टाइमकीपरची काचेची खोली आहे. बाहेर रिळं रचलेली, माझ्या छातीएवढी. मी हात लावून पाहिलं. कागदच तो, गार.

टाइमकीपर भला माणूस आहे. वय झालेलं, दादाला ‘पोरा’ म्हणतो. मी मुदत वाढवून मागितली. तो म्हणाला, “तारखा माझ्या हातात असत्या तर मी अजून चाळिशीतच असतो.” मग पेन कानामागे ठेवून म्हणाला, “असं कर. पाय बनवणाऱ्यांकडून दोन ओळी लेखी आण — उशीर आमच्यामुळे झाला म्हणून. ग्राहकाची चूक नाही, एवढं दिसलं पाहिजे. तो कागद असला तर मी साहेबांपुढे तोंड उघडतो. महिना मिळेल.”

म्हणजे दोन ओळींचं काम! परत येताना बसमध्येच खर्डा केला. ‘उशिराचे कारण आपल्या सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे, ही नम्र विनंती. हे तक्रारीसाठी नसून केवळ नोकरी टिकवण्यासाठी आहे.’ चांगला जमला. घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवला.

दादाचा चेहरा उतरला.

“तुला कुणी सांगितलं होतं तिकडे जायला?”

“टाइमकीपर म्हणाले, कागद असला तर महिना —”

“कागद मिळणार नाही! ते देणार नाहीत. पाठवलास?”

“पाठवला.”

त्याने कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाला, “बरं. झोप आता.” साडेसातच वाजले होते.

८ मार्च, शनिवार

कंपनीचं उत्तर. या वेळी तीन ओळी आणि सही. ‘विलंबाचे कारण आपण म्हणता त्या स्वरूपात देता येणार नाही, याचा खेद वाटतो. पाय १७ मार्चला रवाना होईल. आपल्या सौजन्याबद्दल आभारी आहोत.’

१७ मार्च. दोन दिवसांनी चुकलं.

दादाला दाखवलं. त्याने पूर्ण वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मोबाइल परत दिला. “बघ, आभार मानलेत तुझे. फ्रेम कर.”

मला राग यायला हवा होता. वाट पाहिली. आला नाही.

१५ मार्च, शनिवार

दादा कुबड्यांवर कारखान्यात गेला. मी सोबत. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद पुढे केला. दादाने सही केली. टाइमकीपर काचेतून आमच्याकडे बघत नव्हता.

लॉकरमधून एक डबा, एक एप्रन, एक कंगवा. मी पिशवीत भरलं. बसमध्ये दादा म्हणाला, “कंगवा माझा नाही रे. कुणाचा घेऊन आलास?”

आईला त्यानेच सांगितलं. ती भांडी घासत होती, घासत राहिली. मी कंपनीच्या नावाने काहीतरी म्हणालो. दादा म्हणाला, “सोड ना. त्यांना तरी काय, हजार पाय असतील करायचे.”

इतके दिवस शिव्या देणारा तोच!

१९ मार्च, बुधवार

पाय आला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. कुरिअरवाल्याने विचारलं, “काय आहे यात? बंदूक?”

संध्याकाळी दादाने घातला. मी पट्टे लावले. चपखल बसला, एक बोटही कुठे सैल नाही. माप बरोबर होतं. तो ओट्याला धरून उभा राहिला. मग ओटा सोडला.

दादा माझ्यापेक्षा उंच आहे, हे मी विसरून गेलो होतो.

आईने त्याच्यापुढे मोज्यांचा जोड ठेवला.

२० मार्च, गुरुवार

खोका मोडून रद्दीत टाकत होतो. तळाच्या पुठ्ठ्याखाली पायाच्या कंपनीतला कामाचा कागद राहून गेला होता. तसाच उतरवतो.

‘क्र. २२७१. अर्जात डावा. डावा पाय तयार. ७ फेब्रुवारी, तपासणी — फोटोत उजवा. ८ फेब्रुवारी, ग्राहकाशी फोन — उजवाच. अर्ज भरणाऱ्याची चूक; नव्याने बनवणे. जादा आकार जमा, १० फेब्रुवारी. मुदत पाच आठवडे. शेरा: ग्राहकाची विनंती — धाकट्या भावाला कारण कळवू नये. त्याला लागेल.’

फायलीतून झेरॉक्स काढली. ‘डावा’. माझं अक्षर. खाडाखोड नाही. तो खुर्चीत होता, मी समोर पाटावर.

दादा आत चालायचा सराव करतोय. भिंतीपर्यंत अकरा पावलं, परत अकरा. मी कागद झेरॉक्सला टाचला.

हिशेब, आजपर्यंत:

माप घरी घेतल्याने वाचले — १,८००
पायाचे, आगाऊ भरलेले — ३८,०००
फोन, झेरॉक्स, बसभाडे — ३१२
सायकलीचे आले — ४,२००
उजवा पाय नव्याने बनवण्याचे, दादाने भरलेले — ४,२०० (पेन्सिलीची नोंद आज पेनाने केली)

माझ्याकडून दादाला देणे — ४,२००
शिवाय त्याचा पगार, दरमहा १६,५००, १५ मार्चपासून पुढे.