शिफारस माझ्याच हातची

१० नोव्हेंबर १९९६
ठरलं. पुढच्या ऑगस्टात अमेरिका. अप्लाइड फिजिक्स. जालन्यात माझ्या बुद्धीला वाव नाही, हे मी एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आज कॉलेजच्या लॅबमध्ये गॅल्व्हानोमीटरचा काटा हलेना. दोष यंत्राचा.

११ नोव्हेंबर
लॅबमधली माझी जोडीदार विमल म्हणते, तीही अमेरिकेचे फॉर्म भरणार. हसू दाबलं. काटा तिनं हलवला म्हणे! वायर सुटली होती, ती जोडली. ह्यात कसलं आलंय फिजिक्स? उद्यापासून पहाटे चारला उठून जीआरई परीक्षेचे शब्द पाठ.

१९ नोव्हेंबर
नऊला उठलो. मस्तगड भागातली ही भाड्याची खोली भलतीच गार.

२ डिसेंबर
तीर्थपुरीहून अण्णा आले. म्हणाले, मच्छिंद्र, तू अमेरिकेला जाऊन राह्यला का झोपून राह्यला? एप्रिलपस्तोर जमलं न्हाई, तर मंग बिलकुल खताच्या दुकानात बसायचं. मी आणि युरियाची पोती! जन्मदात्याला काय बोलणार?

१४ डिसेंबर
भालचंद्र सरांकडे शिफारसपत्र मागितलं. म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. सगळीकडे हीच रीत. शिवाय म्हणाले, तुझं इंग्रजी फर्डं आहे, विमलचंही लिहून टाक. चला, परोपकार.

१५ डिसेंबर, रात्री
माझं पत्र झकास झालं. ‘गेल्या शंभर वर्षांत ह्या कॉलेजात असा विद्यार्थी झाला नाही.’ कॉलेजला अजून चाळीसही झाली नसतील, पण तिकडे कोण मोजतंय?
विमलचं लिहिताना मात्र खोटं लिहवेना. लिहिलं, ‘चमक नाही. एकच रीडिंग पुन्हा पुन्हा घेते. चूक झाली की लपवत नाही, सगळं सोडवून परत जोडते. प्रश्न विचारून शिक्षकांना हैराण करते. बंद पडलेली उपकरणं दुरुस्त करत बसते, त्यात घरी जायचंही भान नसतं.’ झालं तिचं कल्याण.

१६ डिसेंबर
सरांनी दोन्हींवर न वाचता सही ठोकली.

२१ मार्च १९९७
नकार. तिकडचे प्राध्यापकही जळके निघाले.

२ एप्रिल
उरलेल्या दोन्ही विद्यापीठांचेही नकार. अमेरिकेचा दर्जा घसरलाय.

८ एप्रिल
विमलला प्रवेश. वर स्कॉलरशिप! तिथल्या प्रोफेसरनं सरांना मुद्दाम पत्र लिहिलंय. म्हणे, इतकी प्रामाणिक शिफारस कित्येक वर्षांत वाचली नव्हती, आमच्या लॅबला अशीच माणसं लागतात. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते मी लिहिलंय, असं ओरडणार होतो. पण मग माझं कोणी लिहिलं, हेही विचारलं असतं. खोलीवर येऊन रडलो. हो, रडलो.

२५ ऑगस्ट
गल्ल्यावरून लिहितोय. विमल गेल्या आठवड्यात गेली. अण्णांनी आणखी एक वर्ष दिलंय, दुकान सांभाळून.
काल जालन्याला जाऊन सरांना म्हटलं, या खेपेला शिफारस तुम्हीच लिहा. म्हणाले, मला कुठे वेळ? दोन वर्षं लॅबमध्ये तुला जवळून विमलनंच पाहिलंय. तिला लिहून पाठवू दे, मी सही करतो.
आत्ताच विमलला पत्र लिहिलं. शेवटी बजावलं, ‘माझ्याबद्दल जे खरं असेल तेच लिही.’
पाकीट चिकटवायच्या आधी ते वाक्य खोडलं. खोडलेलंही वाचता येत होतं. सगळं पत्र दुसऱ्या कागदावर उतरवून काढलं, त्या वाक्याशिवाय.