बाबांच्या फोनचं बक्षीस

३ तारीख, सोमवार
आणि वर ताई म्हणते, तुला आतून काही वाटतच नाही. परत तेच. लकवा झाल्यापासून बाबांची वाचा गेली. रोज बोलतं ठेवलं तर परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. बाकी कुणासमोर बाबा तोंड उघडत नाहीत, लाजतात. फोनवर माझ्याशी प्रयत्न करतात. म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर. घरापासून लांब, इथे शहरात दिवसभर लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरी मशीनमध्ये सरकवायच्या आणि मग एका शब्दाची वाट बघत बसायचं. मला वाटतं सगळं. जमत नाही.

४ तारीख
कंपनीत ट्रेनर आला. टायवाला. मोटिव्हेशन दोन जातीचं असतं म्हणे. बाहेरचं म्हणजे बोनस, साहेबाच्या शिव्या. आतलं म्हणजे कुणी काही न देता हात आपोआप चालतो ते. मी विचारलं, आतलं नसलं तर? सगळे हसले. तो म्हणाला, स्वतःला छोटं बक्षीस लावून बघा. शिकलेला माणूस.
फोन केला की एक कोल्ड्रिंक. ठरलं.

८ तारीख
झकास चाललंय. बाबा 'पाणी'पर्यंत पोचले. मी चिकाटीने ऐकलं, बाटली समोर ठेवून.

१२ तारीख
कोल्ड्रिंकमध्ये दम राहिला नाही. आता दहा फोनांना नवे बूट. फोन किती वेळ करायचा ते काही ठरलेलं नाही. सकाळी एक, जेवणाच्या सुट्टीत एक. बाबांनी 'अ' म्हटलं, मी छान म्हटलं, ठेवला. माझ्याच खोलीत राहणारा प्लंबर म्हणाला, राँग नंबरवाले तुझ्यापेक्षा जास्त बोलतात. जळतो.

१७ तारीख
बूट आणले, बाराशेचे. चावतात. आता फोन करायला काही कारण उरलं नाही.

१८ तारीख
चूक सापडली. बक्षिसाने आतलं मारलं. इथे नवीन होतो तेव्हा सुट्टीला आपणहून फोन करायचो. बाबा मला गाढव म्हणायचे, शेजाऱ्याच्या नकला करायचे, हसून पोट दुखायचं. त्याचं कोण काय देत होतं? बक्षीस बंद. आतून येईल तेव्हाच फोन. खोटा करण्यापेक्षा न केलेला बरा.

२४ तारीख
अजून आलेलं नाही. ताई फोन करते. उचलला तर ते बाहेरचं मोटिव्हेशन होईल.

२९ तारीख, संध्याकाळ
ताईने प्लंबरच्या फोनवर गाठलं. चिडली नाही, त्याचीच भीती वाटली. म्हणाली, बाबा आज अख्खं वाक्य बोलले, सगळ्यांसमोर. रोज फोन मांडीवर घेऊन बसायचे. आज तिच्या हातात दिला आणि म्हणाले, तो कामात असेल, त्याला त्रास देऊ नका.
मी म्हणालो, वा, म्हणजे वाचा आली. ताईने फोन ठेवला.
मग छातीत कसंतरी झालं. हेच ते आतलं असणार. लगेच नंबर काढला. पण आता त्यांना बोलता येतंय, काय म्हणतील कोण जाणे. उद्या नक्की करतो.
आज पगार झाला. दर महिन्याला पाच हजार पाठवतो. या वेळी सहा हजार दोनशे.